लांकडांचीं खरीं नांवें शोधणारे जेम्स साइक्स गॅम्बल

झाडाची पारख फळावरून करावी, ही शुभवर्तमानांतील शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ज्या झाडावर कुऱ्हाड पडली, ज्याच्या फांद्या छाटल्या, साल सोलली, आणि ज्याचा उरलेला ओंडका वखारींत येऊन पडला, त्याची पारख कशावरून करावी? त्याला ना फळ, ना फूल, ना पान. वखारवाला सांगेल तें त्याचें नांव, आणि त्या नांवाप्रमाणें त्याची किंमत. अशा मुक्या लांकडाकडून त्याचें खरें कूळ वदवून घेण्याची विद्या ज्यांनीं हिंदुस्थानांत पद्धतशीरपणें रुजविली, त्यांमध्यें जेम्स साइक्स गॅम्बल यांचें नांव अग्रगण्य आहे. वनशास्त्राच्या अभ्यासकांत हें नांव सर्वपरिचित आहे. विद्यार्थ्यांच्या कानांवर मात्र तें क्वचितच पडतें. म्हणून त्यांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गॅम्बलसाहेबांचा जन्म ता. २ जुलै १८४७ रोजीं लंडन येथें झाला. त्यांचें कॉलेजचें शिक्षण ऑक्सफर्ड येथें झालें. पुढें वनविद्या शिकण्याकरितां त्यांना फ्रान्समधील नान्सी या गांवीं जावें लागलें. कारण त्या काळीं इंग्लंडांत ही विद्या शिकविणारी शाळाच नव्हती. जंगल म्हणजे केवळ लांकूड तोडण्याची जागा नसून, शेताप्रमाणें राखावयाची आणि वाढवावयाची ठेव आहे, हा विचार फ्रान्स व जर्मनी या देशांत आधीं रुजला होता. तो विचार घेऊन गॅम्बलसाहेब सन १८६९ मध्यें हिंदुस्थानच्या जंगलखात्यांत दाखल झाले. वय अवघें बावीस वर्षांचें होतें. पहिली नेमणूक ब्रह्मदेशांत, म्हणजे आजच्या म्यानमारांत झाली. सागवानाच्या त्या प्रसिद्ध रानांत त्यांच्या नोकरीचा श्रीगणेशा झाला.

त्या दिवसांत हें खातें नवीनच होतें. सन १८६४ मध्यें डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे पहिले मुख्य अधिकारी नेमले गेले. देशांत आगगाडीचे रस्ते वाढत होते. रुळांखालीं घालण्यास स्लीपर पाहिजेत, पुलांना तुळया पाहिजेत, सरकारी इमारतींना वासे आणि दरवाजे पाहिजेत, अशी चहूंकडून मागणी होती. हें सारें लांकूड टिकाऊ असावें लागे. ऊन, पाऊस आणि वाळवी यांपुढें जें टिकत नाहीं, तें रुळाखालीं घालणें म्हणजे पैसा मातींत घालण्यासारखेंच. साल वृक्ष, सागवान आणि देवदार हीं लांकडें या कामीं नांवाजलेलीं होतीं. परंतु अमुक लांकूड पाठवा असें कागदावर लिहिणें सोपें. त्या नांवाखालीं खरोखर कोणतें लांकूड येऊन पडेल, हें सांगणें अवघड होतें. नांवाची चूक कारकुनाच्या कागदावर होते, पण तिचें प्रायश्चित्त पुलाला घ्यावें लागतें.

हा घोळ केवढा होता, हें कळण्यास आपल्या मुलखांतील एकच उदाहरण पुरें आहे. संस्कृत वैद्यकग्रंथांतील असन म्हणजे बहुतेकांच्या मतें आपला बिबळा. उत्तरेकडील जंगलांत मात्र आसन म्हटलें कीं लोक ऐनाकडे बोट दाखवितात. त्याच ऐनाला तिकडे साज आणि आपल्याकडे सादडा असेंही म्हणतात. आणि आपल्या सह्याद्रीच्या रानांत असाणा हें नांव तिसऱ्याच एका झाडाला आहे. अशीं हीं तीन झाडें एकाच नांवाच्या छत्राखालीं उभीं आहेत. परंतु बिबळा हा शेंगांच्या कुळांतला, ऐन हा हिरड्याबेहड्यांच्या कुळांतला, आणि असाणा हा आंवळ्याच्या कुळांतला. रानांत तीं उभीं असतांना त्यांची गल्लत होण्याचें कारण नाहीं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. बिबळ्याला चपटीं, वाटोळीं, भोंवतीं पंख असलेलीं फळें येतात, आणि त्याच्या खोडाला घाव घातला असतां लाल डिंक गळतो. असाण्याच्या कोवळ्या खोडावर बळकट कांटे असतात. परंतु फळ गळलें, साल निघाली आणि कांटे तासले गेले, म्हणजे उरतें तें केवळ नांव; आणि नांव तर तिघांचें सारखेंच.

देवदाराची कथा याहून विलक्षण आहे. हिमालयांतील देवदार हा लबानोन पर्वतावरील त्या प्रसिद्ध वृक्षाचा सख्खा भाऊबंद होय, ज्याला मराठी शास्त्रांत गंधसरू म्हटलें आहे आणि ज्याचें लांकूड शलमोन राजानें मंदिराकरितां आणविलें. या दोघांना वनस्पतिशास्त्र एकाच प्रजातींत घालतें. परंतु बंगालांत देवदारु म्हणतात तो निराळाच; रस्त्यांच्या कडेला लावलेलें, लांबट व लहरदार पानांचें जें झाड आपल्याकडे पुष्कळ लोक अशोक समजतात, तेंच तें. खऱ्या अशोकाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. दक्षिणेंत तामीळ देशीं देवदारम् म्हणून जें ओळखतात, तें खडकाळ रानांतील एक लहानसें झाड आहे. आणि आपल्या मुंबईकडील बाजारांत देवदाराचें खोकें म्हटलें कीं, परदेशाहून आलेल्या मालाच्या पेट्यांचें हलकें, पांढुरकें फळकूट डोळ्यांपुढें येतें. तें बहुधा पाइन जातीचें असतें. ज्या नांवांत देव आहे, त्या नांवाची ही अवस्था. मग इतरांची काय कथा?

शिसवीचें तसेंच. आपली शिसवी जांभळट काळी, जड आणि मौल्यवान. उत्तरेकडील शीशम तपकिरी. दोन्ही एकाच प्रजातींतलीं, म्हणून नात्यांतलीं खरीं, पण एक नव्हेत. रक्तचंदन हें आंध्र देशांतील डोंगरांत होणारें दुर्मीळ लांकूड. परंतु लाल चकचकीत बिया देणाऱ्या रतनगुंजेच्या लांकडालाही कित्येक ठिकाणीं तेंच नांव देतात. इंग्रजी नांवांनीं हा गोंधळ मिटला असें कोणी समजूं नये. उलट त्यांनीं तो वाढविला. लोखंडी लांकूड या अर्थाचें इंग्रजी नांव आसामांत नागचांफ्याला मिळालें, ब्रह्मदेशांत तें आपल्या कोंकणांतील जांभा नांवाच्या झाडाच्या भावंडाला मिळालें. आमच्या शिवणीला पांढरें सागवान, आणि तूनीला हिंदी महागनी अशीं इंग्रजी नांवें पडलीं. खरी महागनी तर अमेरिकेकडील. परक्या देशांत गेलेला मनुष्य जसा ओळखीचे चेहरे शोधतो, तसे हे लोक ओळखीचीं लांकडें शोधीत, आणि थोडेंसें साम्य दिसलें कीं जुनें नांव नव्या लांकडाला चिकटवीत.

ब्रह्मदेशानंतर गॅम्बलसाहेबांची बदली बंगालकडे झाली, आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत त्यांना काम करावें लागलें. तेथें नेपाळी, लेपचा इत्यादि निरनिराळे लोक एकाच रानांत वावरत, आणि एकाच झाडाला प्रत्येकाच्या भाषेंत वेगळें नांव. दुसरा एखादा अधिकारी असता, तर त्यानें हीं नांवें अडाणी लोकांची बडबड म्हणून टाकून दिलीं असतीं. गॅम्बलसाहेबांनीं तसें केलें नाहीं. लांकूडतोड्या, वाटाड्या आणि गुराखी यांना विचारून त्यांनीं नांवें उतरून घेतलीं, झाड स्वतः पाहिलें, आणि शास्त्रीय नांवाशेजारीं लोकांचीं नांवें लिहून ठेविलीं. सन १८७८ मध्यें त्यांनीं दार्जिलिंग जिल्ह्यांतील झाडें, झुडपें व मोठे वेल यांची यादी प्रसिद्ध केली. त्याच सुमारास हिमालयांतील एका वनस्पतीच्या प्रजातीला, क्लार्क नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें, त्यांच्या आडनांवावरून गॅम्बलिया असें नांव दिलें. इतरांना नांवें शोधून देणाऱ्याला स्वतःचें नांव एका झाडाच्या द्वारें मिळालें, हें योग्यच झालें.

सन १८७८ सालींच पॅरिस येथें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें. त्याकरितां हिंदुस्थानांतील लांकडांचा एक मोठा संग्रह तयार करण्यांत आला. प्रांताप्रांतांतून ओंडके आले; त्यांचे नमुने तासून, तपासून आणि वर्गवारी लावून ठेवण्याच्या कामांत गॅम्बलसाहेबांनीं आपणांस गाडून घेतलें. या संग्रहाच्या आधारावर त्यांनीं जो ग्रंथ लिहिला, तो सन १८८१ मध्यें कलकत्ता येथें प्रसिद्ध झाला. हिंदी इमारती लांकडांचा मार्गदर्शक असें त्याचें नांव मराठींत सांगतां येईल. त्यांच्या सर्व कीर्तीचा पाया हाच ग्रंथ.

या ग्रंथाची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रत्येक झाडाचें आधीं शास्त्रीय नांव. मग हिंदी, बंगाली, मराठी, तामीळ, तेलुगु, ब्रह्मी इत्यादि भाषांतील नांवें. मग लांकडाचें वर्णन. मग तें कोठें होतें, किती जड असतें, आणि कोणत्या उपयोगास येतें, याची माहिती. शेवटीं ज्या नमुन्यांवरून हें वर्णन केलें, त्यांची नोंद. प्रत्येक नमुन्याला एक अक्षर आणि एक अंक दिलेला असून तो कोणत्या रानांतून आला तेंही लिहिलें आहे. वरवर पाहतां ही केवळ कारकुनी वाटेल. परंतु सर्व ग्रंथाचें बळ या शेवटच्या ओळींत आहे. लेखकावर विश्वास ठेवा असें ती सांगत नाहीं. हा नमुना, हा त्याचा क्रमांक, आपल्या डोळ्यांनीं पाहून घ्या, असें ती सांगते.

आतां लांकूड पाहावयाचें म्हणजे काय पाहावयाचें, हें आमच्या विद्यार्थ्यांना थोडें समजावून सांगणें जरूर आहे. रंगावर भिस्त ठेवतां येत नाहीं. तो उन्हानें बदलतो, आणि रंग देऊन बदलवितांही येतो. म्हणून ओंडक्याचें टोंक धारदार सुरीनें आडवें, गुळगुळीत कापावें, तें किंचित् ओलें करावें आणि साध्या भिंगांतून पाहावें. पहिला प्रश्न असा कीं, त्यांत बारीक छिद्रें आहेत कीं नाहींत? झाडाच्या अंगांत पाणी वर चढविणाऱ्या नळ्यांचीं तीं तोंडें होत. देवदार, पाइन वगैरे सूचिपर्णी झाडांत अशीं छिद्रें नसतात. एवढ्या एका खुणेनें हिमालयांतील देवदार आणि बंगालांतील देवदारु यांचा निकाल लागतो. छिद्रें असतील, तर तीं कशीं मांडलीं आहेत? सागवानांत वर्षाच्या आरंभीं येणारीं मोठीं छिद्रें ओळीनें बसतात, आणि त्यामुळें वर्षवलयें स्पष्ट दिसतात. साल वृक्षाच्या लांकडांत राळेच्या नलिकांच्या पांढऱ्या रेघा वलयांसारख्या उमटलेल्या असतात. गाभ्यापासून सालीकडे जाणारे जे किरण, ते कोठें रुंद, कोठें केसासारखे बारीक. बिबळा व शिसवी यांच्या उभ्या पृष्ठावर हे किरण इतके सारख्या थरांत बसतात कीं, वाळूवर वाऱ्यानें उठलेल्या लहरींसारख्या बारीक रेषा दिसतात. ऐनांत तशा दिसत नाहींत. शिवाय बिबळ्याचा भुसा पाण्यांत टाकला, तर पाण्यावर निळसर झांक मारते. अशा रीतीनें नांवानें एकत्र बांधलेले बिबळा आणि ऐन एका भिंगानें आणि एका वाटीभर पाण्यानें वेगळे होतात.

वजन ही दुसरी साक्ष. एक घनफूट पाण्याचें वजन सुमारें ६२.५ पौंड भरतें. वाळलेलें सागवान घनफुटास सुमारें ४० ते ४५ पौंड, म्हणून तें पाण्यावर तरंगतें. नागचांफ्याचें लांकूड ७० पौंडांच्या आसपास, म्हणून तें बुडतें. उलट पांगाऱ्याचें लांकूड इतकें हलकें कीं तें सागवानाच्या निम्म्यानेंही भरत नाहीं. गॅम्बलसाहेबांनीं ठिकठिकाणच्या नमुन्यांचीं वजनें निरनिराळीं नोंदविलीं. कारण एकाच जातीचें झाड एका रानांत जड, दुसऱ्यांत हलकें असूं शकतें. कोणत्याही एका साक्षीवर निवाडा करावयाचा नाहीं. रंग, वास, वजन, छिद्रें आणि किरण या सर्वांची जबानी घेऊन मग नांव ठरवावयाचें, ही त्यांची रीति होती.

यानंतर त्यांची बदली मद्रास इलाख्यांत झाली, आणि तामीळ, तेलुगु मुलखांतील रानें त्यांना पाहावयास मिळालीं. सन १८९० मध्यें त्यांना डेहराडून येथील वनशाळेचे मुख्य नेमण्यांत आलें. ही शाळा १८७८ सालीं स्थापन झाली होती, आणि हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतील तरुण तेथें जंगलखात्याच्या कामाचें शिक्षण घेत. नऊ वर्षें त्यांनीं हें काम केलें. पुस्तकांतलें ज्ञान आणि रानांतलें ज्ञान यांची सांगड घालणारा गुरु मिळणें हें विद्यार्थ्यांचें भाग्य असतें, आणि तें त्या तरुणांना लाभलें. याच काळांत, सन १८९६ मध्यें, त्यांचा हिंदुस्थानांतील बांबूंवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बांबूच्या कित्येक जाति अनेक वर्षांनीं एकदांच फुलतात. फुलांवरून जात ओळखूं म्हणणाऱ्याला तेथें अर्धें आयुष्य वाट पाहत बसावें लागेल. परंतु फुलावांचून ओळख पटविण्याची संवय गॅम्बलसाहेबांना लांकडांनीं लावलेलीच होती.

सन १८९९ मध्यें ते नोकरींतून निवृत्त झाले, आणि त्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यांना आपले सभासद निवडून त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला. पेन्शन घेतलेला मनुष्य विसांवा घेतो. यांचें मात्र काम वाढलें. इंग्लंडांत हँपशायर परगण्यांतील लिस या गांवीं राहून त्यांनीं आपल्या लांकडांच्या ग्रंथाची नवी, पुष्कळ वाढविलेली आवृत्ति तयार केली. ती १९०२ सालीं निघाली. सर जॉर्ज किंग यांच्याबरोबर मलाया द्वीपकल्पांतील वनस्पतींच्या वर्णनाचें काम त्यांनीं केलें. आणि १९१५ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, मद्रास इलाख्यांतील सर्व वनस्पतींचें वर्णन करणारा ग्रंथ खंडशः प्रसिद्ध करण्यास त्यांनीं आरंभ केला. तो पुरा होण्यापूर्वींच ता. १६ आक्टोबर १९२५ रोजीं, लिस येथें, त्यांचें देहावसान झालें. फिशर नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें उरलेलें काम हातीं घेऊन १९३६ सालीं तो ग्रंथ पूर्ण केला. दक्षिण हिंदुस्थानांतील वनस्पतींच्या अभ्यासकांना तो आजही उघडावा लागतो.

गॅम्बलसाहेबांनीं पेरलेलें बीज पुढें चांगलें फोंफावलें. आपल्या मुंबई इलाख्यांतील झाडांवर टॅलबट यांचा ग्रंथ १९०९ ते १९११ या काळांत निघाला. डेहराडून येथें १९०६ सालीं वनसंशोधन संस्था स्थापन झाली, आणि तेथें लांकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह जमला. पिअरसन व ब्राउन या दोघांनीं १९३२ सालीं हिंदुस्थानांतील व्यापारी लांकडांवर ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेनें लांकडांचीं व्यापारी नांवें ठरवून दिलीं. आज तर लांकडाच्या पेशींतील अंश प्रयोगशाळेंत तपासून जात ओळखण्याची विद्याही निघाली आहे. चोरून तोडलेलें रक्तचंदन किंवा शिसवी पकडण्याच्या कामीं अशा परीक्षांचें महत्त्व मोठें आहे. तरीही वखारींत उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातीं सुरी आणि भिंग हींच आजही पहिलीं साधनें आहेत.

एक गोष्ट येथें मुद्दाम सांगितली पाहिजे. शास्त्रीय नांवें तरी कायमचीं असतात काय? तसें नाहीं. गॅम्बलसाहेबांच्या ग्रंथांत ऐनाला टर्मिनालिया टोमेंटोजा म्हटलें आहे. आज त्याला टर्मिनालिया एलिप्टिका म्हणतात. हेदाचें जुनें नांव अदिना कॉर्डिफोलिया. पुढें तें हल्दिना कॉर्डिफोलिया झालें. शास्त्र पुढें जातें, तशीं नांवें बदलतात. मग त्यांचा ग्रंथ निरुपयोगी झाला काय? मुळींच नाहीं. कारण त्यांनीं केवळ नांव देऊन हात झाडले नाहींत. नांवाच्या मागें वस्तु उभी केली. नमुना आहे, त्याचा क्रमांक आहे, त्याच्या छिद्रांचें आणि किरणांचें वर्णन आहे. नांव बदललें तरी तें कोणत्या लांकडाचें होतें, हें कोणीही ताडून पाहूं शकतो. ज्याच्या मागें वस्तु नाहीं, असें नांव मात्र पहिल्याच वाऱ्यांत उडून जातें.

गॅम्बलसाहेबांनीं युद्धें जिंकलीं नाहींत कीं राज्यें स्थापिलीं नाहींत. त्यांनीं लोकांनीं दिलेलें नांव आदरानें लिहून घेतलें, पण तें तपासल्यावांचून मान्य केलें नाहीं. हे दोन गुण एकत्र असणें फार दुर्मीळ आहे. कित्येक पंडित लोकांच्या नांवांना हंसतात. कित्येक भोळे लोक ऐकलेल्या नांवावर घर बांधतात. आपणही रोज नांवें ऐकतों: वस्तूंचीं, मतांचीं, माणसांचीं. चांगलें म्हणून विकलें जाणारें सगळें चांगलें नसतें, आणि हलकें म्हणून बाजूस टाकलेल्या ओंडक्याचा गाभा कधीं कधीं शिसवीचा निघतो. कोणाही मनुष्याला नांव ठेवण्यापूर्वीं, आणि कोणाच्याही नांवावर भुलण्यापूर्वीं, धारदार सुरीनें एक स्वच्छ छेद घेऊन आंतील रचना पाहावी, एवढा धडा आमच्या विद्यार्थ्यांनीं या शांत, चिकाटीच्या चरित्रांतून घेतला, तर आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.